विश्वास कमी पडला म्हणे!

बरेच दिवस मनात खदखदत होतं, आज लिहूनच टाकतो. आमच्या नात्यातल्या काही जणांना झोंबेल, पण त्याला इलाज नाही.

कुणी आजारी पडलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचं लेकरू दगावलं की आपल्या ख्रिस्ती समाजात हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं: "विश्वास कमी पडला." चंगाई सभेच्या मंचावरून येतं, यूट्यूबवरून येतं आणि दवाखान्यात भेटायला आलेल्यांच्या तोंडूनही येतं. माझं म्हणणं सरळ आहे. आजारी माणसाला हे वाक्य ऐकवणं ख्रिस्ती नाही.

सगळी शुभवर्तमानं चाळा. "तुझा विश्वास तोकडा आहे, जा, तू बरा होणार नाहीस," असं सांगून येशूनं कुणा रोग्याला परत पाठवलेलं सापडत नाही. "तुझ्या विश्वासानं तुला बरं केलं," असं तो काहींना म्हणाला हे खरं, आणि समोरची मंडळी नेमकं तेवढंच दाखवतात. पण योहानाच्या ५ व्या अध्यायातला, ३८ वर्षं आजारी असलेला माणूस? आपल्याला बरं करणारा कोण, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. आणि मत्तयाच्या १७ व्या अध्यायात शिष्यांना एक मुलगा बरा करता आला नाही, तेव्हा येशूनं विश्वास कमी असल्याचा ठपका कुणावर ठेवला? शिष्यांवर. म्हणजे बरं करायला निघालेल्यांवर! आमच्या मंचांवर हा हिशेब बरोबर उलटा चालतो. रोगी बरा झाला तर सेवकाचं सामर्थ्य, नाही झाला तर रोग्याचा अविश्वास. ज्या धंद्यात कधी खोट येतच नाही, त्याकडे जरा संशयानं बघायला नको?

माझी आत्या दोन वर्षं डायलिसिसवर होती. मधुमेहानं तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एका प्रचारकानं तिच्या उशाशी बसून तिला सांगितलं, की मशीनवर भरवसा ठेवणं म्हणजे देवावर अविश्वास. आत्यानं डायलिसिस सोडलं नाही, पण तिची झोप गेली. "माझंच कुठं कमी पडतंय का रे?" असं मला विचारायची. जन्मभर रविवारची उपासना न चुकवलेली बाई! शेवटचे चार महिने दुखण्याच्या जोडीला हा प्रश्नही तिच्या उशाशी होता. ती गेली. तो प्रचारक अजून सभा घेतो. मला त्याचा राग आहे, आणि तो मी लपवणार नाही.

संकट म्हणजे अविश्वासाची पावती असेल, तर पंडिता रमाबाईंचं काय करायचं? दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली नवरा. १८८३ साली वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यामुळे ते राहून गेलं. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे मग सगळं सुरळीत झालं का? १८९३ साली शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि पुढच्याच वर्षी त्या स्वतः. केडगावच्या मुक्ती मिशनच्या अंगणात उभं राहून रमाबाईंचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

आणि या बाई गप्प बसून ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतरही त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी वाद घातला, आपली सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली करायला नकार दिला. ती पत्रं १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं छापली आहेत, जरूर वाचा. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबलचं मराठी भाषांतर स्वतः केलं. ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. कुणीतरी सांगितलं म्हणून मानायचं नाही, मुळात काय लिहिलंय ते बघायचं. टिकून राहणं म्हणतात ते हे.

मला उपदेश होतो, "देवाच्या सेवकाची परीक्षा घेऊ नये." का बरं? प्रत्येक आत्म्याची पारख करा, असं योहानाच्या पहिल्या पत्रात सांगितलंय. बिरुयातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात रोज तपासून बघत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच केलेली आहे. पौलाला जे चाललं ते यांना का चालू नये? तोच पौल, ज्याच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही निघाला नाही, आणि ज्यानं आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेतच मिलेतात ठेवलं. त्रफिमाला कुणी अविश्वासी म्हटल्याचं वाचलंय का?

म्हणून आता मी साधे प्रश्न विचारतो. जो बरा झाला म्हणता, त्याचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट कुठे आहेत? सहा महिन्यांनी तो कसा आहे? औषध बंद करा म्हणून सांगितलंत, तर परिणामांची जबाबदारी कोण घेणार? उत्तराऐवजी शाप मिळाला, की मला जे कळायचं ते कळतं.

काही वडीलधारे म्हणतात, आपण आधीच मूठभर, घरातलं घरात राहू द्या, बाहेरचे हसतील. हसू देत. माणसं मरताना स्वतःला दोष देत मरताहेत, त्यापुढे हसण्याचं काय एवढं?

मी प्रार्थना करतो. आत्यासाठीही शेवटच्या दिवसापर्यंत केली. ती बरी झाली नाही, तरी येत्या रविवारी मी उपासनेला जाणारच आहे. ईयोबाच्या मित्रांनीही त्याला हेच ऐकवलं होतं, की तुझंच काहीतरी चुकलं असणार. शेवटी देव रागावला तो त्या मित्रांवर.

असो. पुढच्या वेळी कुणाला भेटायला दवाखान्यात जाल, तेव्हा डबा न्या, रात्री थांबायला कुणी आहे का ते विचारा, हात धरून प्रार्थना करा. विश्वास मोजायची पट्टी तेवढी घरी ठेवा.

ज्यांना हे पटलं नाही, त्यांनी मला जरूर सांगावं. फक्त वचन काढून सांगा, अध्यायासकट.