गवतावर प्रक्रिया झाली, धोरणावर कधी?



"वाळल्या गवतावर युरियाची प्रक्रिया करत नाही, म्हणून तुमचे जनावर दूध देत नाही," हा उपदेश दर वर्षी आपल्या गोठ्यापर्यंत येतो. त्यातले शास्त्र खरे आहे. आमच्यापैकी काहीजण ते कृषी पदवीच्या वर्गात शिकले आहेत. पण त्या वर्गात हिशेब कोणी शिकवला नाही.

आधी शास्त्र. कुसळी, पवन्या फुलोऱ्यात कापली तर सकस. पण तेव्हा पाऊस, वाळवायचे कुठे? म्हणून कापणी दिवाळीच्या सुमारास. तोवर बी झडते, काडी कडक होते, प्रथिने तीन-चार टक्क्यांवर येतात. काडीतले लिग्निन पचणारा भाग आवळून धरते. १०० किलो गवतावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून हवाबंद झाकायचे, २१ दिवस ठेवायचे. युरियाचा अमोनिया होतो आणि ती पकड सैल करतो. पचन सुधारते, प्रथिने जवळपास दुप्पट होतात.

आता हिशेब. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. म्हणजे १०० किलो गवताला २४ रुपयांचा युरिया. तज्ज्ञ इथेच थांबतात. टनाला ५०० लिटर पाणी, प्लास्टिक, दोन माणसांची मजुरी कोणी मोजायची? पाणी वाहणाऱ्या बाईची मजुरी तर कुठल्याच तक्त्यात नसते. एवढे करून वाढलेले दूध पडेल भावाने घालायचे असेल, तर प्रक्रिया न करणारा शेतकरी अडाणी नाही, हिशेबी आहे. १९८० च्या दशकापासून भारत-नेदरलँड्स प्रकल्पात या विषयावर काम झाले. तरी पद्धत गावोगाव रुजली नाही. दोष मात्र आपल्या माथी.

आणखी एक गंमत पाहा. खत नियंत्रण आदेश १९८५, कलम २५ म्हणते की केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय खत जमीन आणि पीक सोडून दुसऱ्या कामाला वापरायचे नाही. म्हणजे पुस्तिकेत ज्याची शिफारस, तेच कायद्यात गुन्हा!

आम्ही प्रक्रियेच्या विरोधात नाही. ज्याच्याकडे गवत, पाणी आणि दुभते जनावर आहे त्याने जरूर करावी. मात्र युरियाचे पाणी जनावराला कधीही पाजू नये, विषबाधेने जनावर दगावते. सहा महिन्यांखालील वासरांना हा चारा देऊ नये. चारा काढल्यावर पसरून अमोनियाचा वास उडू द्यावा, मगच घालावा.

जिल्हा बैठकीत तीन ठराव मांडत आहोत. घरच्या चाऱ्यावरील प्रक्रियेला कलम २५ मधून स्पष्ट सूट हवी. दुधाच्या उत्पादन खर्चात चाऱ्याची आणि घरच्या बाईची मजुरी धरली पाहिजे. आणि त्या खर्चावर दुधाला भाव मिळाला पाहिजे. भाव मिळाला तर प्रक्रिया शिकवायला गाडी पाठवावी लागणार नाही. शेतकरी स्वतःच विचारत येईल.