पितळी पुंगळी शिवकालीन नव्हे

नामपूरहून साल्हेर-मुल्हेरकडे जाताना कुणास पितळी पुंगळी सापडली, की ती शिवकालीन ठरविण्याची घाई होते. हा इतिहास नव्हे, हौस आहे. १६७२ च्या साल्हेरच्या लढाईत बंदुका ठासणीच्या होत्या. १८५७ चे वादग्रस्त काडतूसही कागदीच! (चित्रपट काहीही दाखवोत.) लष्करी काडतुसात पितळ आले ते १८६६ नंतर, स्नायडर बंदुकीबरोबर, खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. बार उडताच पितळ फुगून नळीचा मागचा भाग बंद करते आणि लगेच किंचित आकसते. म्हणूनच तडा तपासून, नवी टोपी बसवून पुंगळी पुन्हा भरता येते. पुढील काळातील पुंगळीचे बूड तर अधिकच बोलके: कारखान्याची खूण, बहुधा सालही. ते चिंच-राखेने घासणारा स्वतःच्याच हातांनी पुरावा झिजवितो. टोपीवर खड्डा नसेल, तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवावे.