अंगणातील ध्वनिविद्येला सनद हवी

ज्या विद्येला शाळा नाही, क्रमिक पुस्तक नाही, परीक्षा नाही आणि म्हणून प्रतिष्ठाही नाही, परंतु जी तरुणांनी एकमेकांच्या अंगणात बसून, सोल्डरिंगच्या कावियाने हात भाजून घेत आणि पदरमोड करीत आत्मसात केली आहे, तिच्याकडे समाजाने कोणत्या दृष्टीने पाहावे, या प्रश्नाचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत अशी एक विद्या बऱ्याच वर्षांपासून नांदत आहे. ती म्हणजे मोटारगाडीतील ध्वनियंत्रणा स्वतः बनवून बसवण्याची. वाशिंद, आसनगाव, किन्हवली येथे जा की सरळगाव, धसई, टोकावडे येथे; जुनी ओम्नी, इको, बोलेरो किंवा पिकअप दारात उभी करून, तिची मागची सीट बाहेर काढून, मॅटिंगखालून तारा ओढणारे दोन-तीन तरुण सुट्टीच्या दिवशी दृष्टीस पडतातच. त्यांच्याकडे पाहून येणारा-जाणारा ‘पोरे वाया गेली’ एवढाच शेरा मारतो. हा शेरा अन्यायाचा आहे, आणि त्याहीपेक्षा तो समाजाच्या हिताला बाधक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही विद्या याच भागात का रुजली, हे समजणे कठीण नाही. कसाऱ्याची लोकल धरली की लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आणि कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार एका दिवसात पालथा घालून घरी परतता येते, मुरबाडकरांना एस.टी.ने कल्याण गाठले की तीच वाट मोकळी. दुसऱ्या बाजूस माळशेजच्या किंवा कसाऱ्याच्या घाटाकडे गाडी वळली की मुंबईची एफ.एम. केंद्रे डोंगराआड विरून जातात, आणि मग ज्याला प्रवासात गाणे हवे असेल त्याने त्याची तजवीज स्वतःच करावयाची असते. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढून दरसाल त्याची फी भरण्याची पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली, आणि पुढे जीपगाड्यांत कॅसेटचा टेप आला. सान्यो या जपानी कंपनीची ‘४४४०’ ही आयसी मुळात गाडीच्या टेपसाठीच घडवलेली होती. बारा-तेरा व्होल्टवर चालणारी, दोन वाहिन्यांना प्रत्येकी सहा वॅट किंवा जोडून एकोणीस वॅट देणारी ही आयसी, जेथे विजेचा भरवसा नव्हता आणि गाडीची जुनी बॅटरी हाताशी होती अशा खेड्यापाड्यांत घरगुती ॲम्प्लिफायरचा प्राण झाली. तिच्या बोर्डावर ज्यांनी पहिले कपॅसिटर जोडले, त्यांच्याच हाताखाली आजचे कारागीर तयार झाले आहेत.

घरच्या घरी दुरुस्ती करीत शिकलेल्या मुलाची योग्यता कोठवर जाऊ शकते, याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण येथे देणे अप्रस्तुत होणार नाही. बंगालमधून परागंदा होऊन अमेरिकेत गेलेल्या एका स्वातंत्र्यसैनिकाचा मुलगा अमर बोस हा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अवघ्या तेराव्या वर्षी, शेजारपाजारचे रेडिओ आणि खेळण्यांतील आगगाड्या दुरुस्त करून घरखर्चास हातभार लावीत असे. पुढे तो एम.आय.टी. या विख्यात संस्थेत प्राध्यापक झाला. १९६४ मध्ये त्याने स्वतःची कंपनी स्थापन केली. आणि १९८३च्या सुमारास जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी त्या-त्या गाडीच्या अंतर्भागाचा आकार, आसने आणि काचा विचारात घेऊन रचलेली ध्वनियंत्रणा प्रथमच कारखान्यातून बसून बाहेर पडू लागली. गाडीचा अंतर्भाग ही स्वतंत्र श्रवणशाला आहे आणि तिच्यासाठी ध्वनी स्वतंत्रपणे रचावा लागतो, हे जे तत्त्व बोस यांच्या कंपनीने उद्योगात आणले, त्याच तत्त्वाशी आमच्या अंगणांतील मुले अडाख्याने झुंजत असतात. अंतर बुद्धीचे नाही, संधीचे आहे.

या कामात बुद्धी किती लागते, हे पाहावयाचे असेल तर स्पीकरची पेटी बनताना पाहावी. बारा इंची वूफर, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘बफर’ म्हणतात, तो नुसता हातात धरून वाजवला तर त्याचा खर्ज ऐकूच येत नाही. कारण पडदा पुढे सरकताना समोरची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा विरळ करतो, आणि या दोन परस्परविरोधी लहरी एकमेकींना गिळून टाकतात. म्हणून मागची लहर कोंडण्यासाठी पेटी हवी. ती किती घनफुटांची असावी, तिला तोंड ठेवावे की ती बंद असावी, तोंड ठेवल्यास आतील नळी किती लांब असावी, या प्रश्नांना गणिती उत्तर देणारी मांडणी ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी त्यानंतरच्या दशकात केली. आमचा कारागीर ही नावे ऐकून नसतो. तो प्लायवुडवर बोटाच्या पेराने ठोकून पाहतो, बद्द आवाज आला तर आत एक आडवी पट्टी ठोकतो, सांध्यांत फेविकॉल आणि लाकडाचा भुसा भरतो, नळी इंचाइंचाने कापीत जातो आणि कान पेटीला लावून बसतो. जून ते सप्टेंबरच्या आमच्या धुवाधार पावसात एम.डी.एफ.चा तक्ता कडेने फुगतो, म्हणून अठरा मिलिमीटरचे जलरोधक प्लायवुडच वापरावे, हा शोध त्याला कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकाने दिलेला नाही. आमच्या भजनी मंडळातील पखवाजी ज्याप्रमाणे धुमेवर कणकेचा थर कमी-अधिक करून खर्ज जागेवर आणतो, त्याचप्रमाणे हाही वस्तुमान आणि हवा यांचा तोल केवळ श्रवणाने साधतो. नववीच्या विज्ञानात ध्वनी आणि विद्युतधारा हे दोन्ही विषय आहेत. ज्या मुलाला ते फळ्यावर उमगले नाहीत, तोच मुलगा चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला दोनच ओहम दिसतात आणि विद्युतप्रवाह दुपटीकडे जातो, हे पानटपरीवर उभ्या उभ्या समजावून सांगतो.

परंतु कौतुकाच्या भरात या विद्येतील धोके झाकून ठेवणे हा तिच्याशी द्रोह ठरेल. चारशे वॅट खरोखर देणारा सामान्य ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने चालताना बॅटरीकडून पन्नास अँपिअरच्या घरात प्रवाह खेचतो. आणि लहान गाडीचा अल्टरनेटर बहुधा साठ ते नव्वद अँपिअरचा असून त्यावर दिवे, वायपर आणि इंजिनाची स्वतःची गरज यांचाही भार असतो. अशा यंत्रणेला घरगुती बत्तीची बारीक तार ओढणे म्हणजे आगीला आमंत्रण होय. इंजिनाच्या आणि आतील भागाच्या मधल्या पत्र्याला भोक पाडून, रबरी ग्रॉमेट न घालता तार तशीच आत घेतली, तर गाडीच्या हादऱ्यांनी पत्र्याची धार इन्सुलेशन कापीत राहते, आणि एके दिवशी तांबे पत्र्याला टेकते. त्या वेळी तारेवर फ्यूज नसेल तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि क्षणार्धात तार लालबुंद होते. हा फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ बसवून भागत नाही. तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच हवा, कारण तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तसेच अर्थिंगची तार रंगावरच आवळली, किंवा आवाजाची केबल आणि विजेची तार एकाच बाजूने शेजारी-शेजारी नेली, तर इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ स्पीकरमधून येऊ लागते. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंग घेणे आणि दोन तारा गाडीच्या दोन बाजूंनी नेणे, एवढ्याने ती जाते. जाणत्या कारागिराला हे सारे ठाऊक असते. नवशिक्याला ते सांगणारा कोणी नसतो, आणि अनर्थ तेथेच घडतो. शिवाय मूळ वायरिंग कपलर न वापरता कापले, तर उद्या आग लागल्यास कंपनीची हमी आणि विम्याचा दावा या दोहोंवर पाणी सोडावे लागण्याचा संभव असतो, हेही गाडीमालकास आधी सांगितले गेले पाहिजे.

ग्राहकाची फसवणूक हा आणखी एक मुद्दा. बाजारातील खोक्यांवर ‘पी.एम.पी.ओ.’ या नावाखाली हजारो वॅटचे आकडे छापलेले असतात. त्यांची शहानिशा करण्याचा मार्ग अगदी सोपा आहे. ज्या ॲम्प्लिफायरवर वीस अँपिअरचा फ्यूज आहे, तो चौदा व्होल्टवर दोनशेऐंशी वॅटांहून अधिक वीज सतत घेऊच शकत नाही. मग तो दोन हजार वॅटचा नाद कोठून देणार? सतत मिळणारी खरी शक्ती आर.एम.एस. या मापाने सांगतात, आणि तेवढाच आकडा विचारण्याची सवय ग्राहकाने लावून घ्यावी.

आता या विद्येविरुद्धच्या सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे वळतो. तो म्हणजे गोंगाटाचा. हळदीच्या रात्री पिकअपवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीने घराची कौले थरथरावीत, आजारी माणसाला आणि परीक्षार्थी मुलाला रात्रभर डोळा लागू नये, हे दुःख ज्यांनी भोगले आहे त्यांची तक्रार शंभर टक्के न्याय्य आहे. आणि गाडीत यंत्रणा बसवणारे हात व ती भिंत रचणारे हात पुष्कळदा एकच असतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या निर्बंधांना आपल्या निकालाने बळ दिले. आमच्याच जिल्ह्यातील ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने तर शासनयंत्रणेला अंमलबजावणीची जबाबदारी बजावून सांगितली. या हुकुमांची अंमलबजावणी शिथिल व्हावी असे मी म्हणत नाही. ती अधिक कडक आणि अधिक समान व्हावी, असेच म्हणतो.

मात्र जप्ती आणि पंचनामा यांनी गोंगाट तात्पुरता थांबतो, आणि पुढल्या लग्नसराईत तो दुप्पट होऊन परततो. कारण त्याचे मूळ अज्ञानात आहे. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तर आवाज अवघा तीन डेसिबलने वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. हे ज्याला खरोखर समजले तो पैसा, बॅटरी आणि शेजाऱ्याची झोप यांचा चुराडा करून आणखी एक वूफर चढवणार नाही. तो आहे त्याच वूफरची पेटी सुधारील. ८५ डेसिबलमध्ये माणसाने आठ तास काढले तर कानाची सहनमर्यादा संपते, आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होत जाऊन १०० डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात, हे गणित बंद काचांच्या गाडीत रोज बसणाऱ्या चालकाला कोणी समजावून सांगितले आहे काय? माळशेजच्या वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकचा भोंगा त्याला ऐकू आला नाही तर काय होईल, हे सांगण्यास पदवीची गरज नाही. ज्याला मोजमाप येते त्यालाच आवरही येतो, आणि मोजमाप शिकवल्याखेरीज येत नाही.

म्हणून माझी मागणी अशी की शासनाने या विद्येला सनद द्यावी. १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, तेव्हापासून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता अशा कारागिरांच्या पिढ्यानपिढ्या घडवल्या. तालुक्याच्या ठिकाणच्या या संस्थांत, संध्याकाळच्या वेळी, तीन महिन्यांचा एक अल्पमुदतीचा वर्ग वाहनातील वीज आणि ध्वनी या विषयासाठी उघडता येईल. त्यात तारेची जाडी, फ्यूज, अर्थिंग, पेटीचे गणित, ध्वनिमापक यंत्राचा वापर आणि ध्वनिप्रदूषणाचा कायदा एवढे शिकवले तरी पुरे. जे आधीच हे काम करीत आहेत त्यांना पूर्वानुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय २०१५ पासूनच्या केंद्रीय कौशल्य योजनेत तत्त्वतः आहेच. ती या धंद्यापर्यंत पोहोचवण्याचे काम व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने हाती घ्यावे. असे प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर लागले की गाडीमालकाला कोणाकडे जावे हे कळेल, आणि बँकेच्या दारात कर्जासाठी उभ्या राहणाऱ्या तरुणाच्या हाती काही कागद असेल.

कारागिरांनीही काही बंधने स्वतःहून स्वीकारली पाहिजेत. बॅटरीजवळ फ्यूज बसवल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात देऊ नये. खोक्यावरचा खोटा आकडा सांगून माल विकू नये. आणि मिरवणुकीचे काम घेताना वेळेची व आवाजाची अट आधीच लेखी ठरवावी. एकाने नकार दिला तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच हा नियम तालुक्यातील सर्वांनी मिळून केला पाहिजे.

आपला समाज हातांनी काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान मानण्यास नेहमीच कचरत आला आहे, आणि या कचरण्याची किंमत त्याने अनेकदा मोजली आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत, आसनगावच्या कारखान्यांत आणि पडघ्याच्या गोदामांत हंगामी मजुरीसाठी रोज जाणाऱ्या तरुणांपैकी कित्येकांच्या अंगी हा दुसरा, स्वकष्टार्जित व्यवसाय आहे. त्यावर त्यांचे आणि त्यांच्या कुटुंबाचे पोट चालू शकते, आणि तो गावातच राहून करता येतो. त्याला शिक्षण द्या, नियम द्या, मान द्या. आणि मग नियम मोडणाऱ्यास बेलाशक शासन करा. शिकवण्याचे कर्तव्य न बजावता केवळ शिक्षेचा अधिकार गाजवणे हे न्यायाला धरून नाही, आणि त्यातून शांतताही लाभणार नाही.