लोकवीर आणि हसू

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तालमी चालू असता नववीतील दोन विद्यार्थी माझ्याकडे आले व म्हणाले, "गुरुजी, आम्हांस एक लढाई करून दाखवावयाची आहे, पण ती हसवणारी आहे." परवानगी मिळताच एकजण झोकांड्या खाऊ लागला, पडता पडता सावरला, आणि त्या सावरण्यातच त्याने दुसऱ्यास असा काही हूल दिली की सर्व वर्ग खदखदून हसला. दाराशी एक पालक उभे होते. ते मात्र हसले नाहीत. "गुरुजी, पोरं दारुड्याची नक्कल करतात, अन् तुम्ही हसता?" असे ते म्हणाले. त्यांच्या प्रश्नास त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. ते आज येथे देण्याचा यत्न करतो.

मुलांनी ती लढाई एका चिनी बोलपटावरून उचलली होती. 'ड्रंकन मास्टर' या १९७८ सालच्या विनोदी युद्धपटाचा हा दुसरा भाग १९९४ साली हाँगकाँगमध्ये निघाला. त्यास आता तीस वर्षे उलटून गेली, तरी घोडेगावच्या मुलांनी तो मोबाइलवर शोधून काढलाच! त्याचा नायक वाँग फेई-हुंग हा कल्पित पुरुष नव्हे. त्याचा जन्म सामान्यतः १८४७ साली झाला असे सांगतात. दक्षिण चीनमधील फोशान हे त्याचे गाव, मुष्टियुद्ध ही त्याची विद्या आणि वैद्यकी हा त्याचा व्यवसाय. हाडे बसवणारा, जखमा बऱ्या करणारा आणि दुर्बळाच्या बाजूने उभा राहणारा असा त्याचा लौकिक. १९२५ च्या सुमारास तो वारला, परंतु लोकांच्या तोंडी त्याची कथा वाढतच गेली.

या वीराचे चित्रपट १९४९ पासून निघू लागले. क्वान तक-हिंग या नटाने सत्तरांहून अधिक चित्रपटांत त्याचे काम केले. हा वाँग धीरगंभीर, संयमी, शिष्यांस नीतिपाठ देणारा, जणू चालताबोलता धडाच! पिढ्यान् पिढ्या प्रेक्षकांनी त्यास हात जोडले. मग १९७८ साली जॅकी चॅन या तरुण नटाने त्याच वाँगला उनाड, आळशी आणि बापाच्या डोळ्यांत धूळ फेकणारा पोरगा करून पडद्यावर आणले. लोकांनी संतापून दगड मारावयाचे, ते पोट धरून हसले. दुसऱ्या भागात तोच पोरगा पुन्हा आला. त्या वेळी चॅनचे वय चाळिशीचे होते, आणि त्याच्या सावत्र आईचे काम करणारी अनिता मुई त्याहून नऊ वर्षांनी लहान होती!

कथा थोडक्यात अशी. बापाबरोबर आगगाडीने परत येत असता हा पोरगा औषधी मुळीवरील कर चुकवण्यासाठी ती एका इंग्रज वकिलाच्या सामानात लपवतो. ती परत काढताना पेटीची अदलाबदल होते, आणि मुळीऐवजी हाती येते ती एक पुरातन राजमुद्रा. ती चोरून परदेशी नेली जात होती. त्यातून मारामाऱ्या उद्भवतात, घरी थापा माराव्या लागतात, आणि बापास सत्य कळते तेव्हा तो मुलास घराबाहेर घालवतो. शेवटी लोखंडाच्या कारखान्यात राबणाऱ्या मजुरांच्या व देशाच्या ठेव्याच्या रक्षणासाठी तोच उनाड उभा ठाकतो. त्या लढाईसाठी जॅकी चॅन खऱ्या निखाऱ्यांवरून सरपटत गेला. हसणे जितके स्वस्त दिसते तितके ते स्वस्त नसते, हे येथे ध्यानी यावे.

आता मूळ प्रश्न. वीराची अशी थट्टा करणे योग्य आहे काय? माझे मत असे की, योग्य आहे, परंतु एका अटीवर. ज्या पुरुषाचे आपण केवळ चित्र लावतो, हार घालतो आणि जयंतीस भाषण करतो, त्याचे अनुकरण आपल्या हातून क्वचितच होते. तो जन्मतःच मोठा होता आणि आपण तसे नाही, एवढे म्हटले की आपली सुटका झाली! परंतु जो चुकतो, थाप मारतो, बापाचा मार खातो आणि तरीही शेवटी योग्य बाजूस उभा राहतो, त्याच्याविषयी असा बहाणा चालत नाही. हसता हसता तो वीर आपल्या बाकावर येऊन बसतो आणि विचारतो, "मी सुधारलो, तुझे काय?"

दुसरी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. या दुसऱ्या भागाचे दिग्दर्शक लाउ कार-ल्युंग यांचे वडील ज्या गुरूपाशी शिकले, तो गुरू प्रत्यक्ष वाँगचा शिष्य होता. म्हणजे ही थट्टा परक्याने वेशीबाहेरून केलेली नसून त्याच परंपरेतील माणसाने घरात बसून, मायेने केलेली आहे. आजोबांच्या विसराळूपणावर नातवंडे हसतात म्हणून त्यांचा आदर उणावतो काय?

आपल्या मुलखास ही रीत अपरिचित नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. यात्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी देण्यास येतात. वगातील सोंगाड्या राजास हसतो, प्रधानास हसतो, पाटलाची तर पुरती फजिती करतो. परंतु सत्य बोलण्याचे कामही बहुधा त्याच्याकडेच असते. हसू आणि सत्य यांचे वैर नाही, हे आपल्या वाडवडिलांस पूर्वीच ठाऊक होते.

परंतु वर मी अट म्हटली ती कोणती? हसू वीराच्या दोषावर पडावे. कोणाच्या दुःखावर पडू नये. या कसोटीस तो चित्रपट एके ठिकाणी उतरत नाही. अखेरच्या लढाईत नायक कारखान्यातील विषारी मद्यार्क पितो. मूळ चित्रपटाच्या शेवटी त्यामुळे त्याची दृष्टी व बुद्धी गेल्याचे दाखवून त्यावरही हशा मिळवला आहे. अमेरिकेत २००० साली चित्रपट दाखवला गेला तेव्हा तो भाग गाळण्यात आला, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. वस्तुतः याच कथेतील बाप मुलास मद्य पिऊन लढण्याची सक्त मनाई करतो; ती मनाई मोडल्याचे फळ गंभीर आहे, आणि जे गंभीर आहे त्याचा शेवटच्या क्षणी विदूषक करणे हा कथेशीच द्रोह होय. आपल्या तालुक्यात दारूने बसलेली घरे कोणास दाखवून द्यावयास नकोत. त्या घरातील मूल आपल्या शेजारी बसलेले असते. झोकांडी पाहून सारा वर्ग हसला, पण एखादा विद्यार्थी खाली मान घालून बसला असेल, तर ते हसू आपणास महाग पडले. दाराशी उभ्या असलेल्या त्या पालकांचे म्हणणे येथे मला पूर्णपणे पटते.

शेवटी एक शल्य बोलून दाखवतो. वाँग दक्षिण चीनमध्ये वावरत होता त्याच काळी, १८७३ च्या सुमारास, आपल्याच आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होनाजी केंगले हा कोळी वीर सावकारशाहीविरुद्ध उठला होता. त्याच्या टोळीने सावकारांची नाके कापली. हे कृत्य क्रूर होते आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु कर्जाने पिचलेल्या डोंगरी माणसांनी त्यास का आश्रय दिला, हे समजून घेतले पाहिजे. १८७६ साली तो पकडला गेला. हाँगकाँगच्या वीराची प्रत्येक लकब आमच्या मुलांस पाठ आहे. जांभोरीच्या वीराचे नाव वर्गात विचारले, तर किती हात वर येतील?

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, तुमची विनोदी लढाई मी बंद करीत नाही. झोकांडी काढून टाका, उड्या आणि हुलकावण्या ठेवा. आणि येत्या सुटीत आपल्या आजी-आजोबांपाशी बसून होनाजीच्या गोष्टी विचारा. त्यांतील शौर्याच्या लिहून घ्या, चुकीच्या लिहून घ्या, आणि हसू आणणाऱ्या असतील त्याही लिहून घ्या. पुढील संमेलनात त्याचा प्रवेश तुम्ही बसवलात, तर दाराशी उभे असलेले ते पालकही आत येऊन बसतील, आणि योग्य ठिकाणी हसतीलही, अशी मला उमेद आहे.