स्वस्तातला हलका लॅपटॉप घेऊ का? आधी धंदा बघा!

ढोकीसारख्या गावात धंदा उभा करताना भांडवलाचा एकेक रुपया मोलाचा. म्हणून जिओबुककडे नीट बघा.

२०२३ साली १६,४९९ रुपयांना आलेल्या या लॅपटॉपचं वजन फक्त ९९० ग्रॅम. ४जी सिम आतच चालतं. ठिबकचं काम घेणाऱ्याला शेताच्या बांधावर बसून कोटेशन पाठवता येईल. ही झाली जमेची बाजू.

आता उणी बाजू. यात विंडोज नाही, अँड्रॉइडवर आधारलेली जिओओएस आहे. टॅलीप्राइमला विंडोज लागतं, म्हणजे इथं ते बसणार नाही. रॅम ४ जीबीच, पुढं वाढवता येत नाही. ११.६ इंची स्क्रीनवर दिवसभर हिशेब करायचा म्हटलं तर डोळे शिणतात.

माझं मत सरळ आहे. फिरतीचा धंदा आणि काम ब्राउझरवरच असेल, तर चालेल. काउंटरवर बसून बिलं काढायची असतील, तर त्याच बजेटात ८ जीबी रॅम, एसएसडीवाला जुना विंडोज लॅपटॉप शोधा. बॅटरी तपासा, पक्कं बिल घ्या.

दुकानाची पायरी चढण्याआधी रोजची पाच कामं वहीत लिहा. ती कामं होत नसतील, तर स्वस्तातली वस्तूसुद्धा महागच पडते!