भिंत आपली, दर्शन गल्लीचं

घराची दर्शनी बाजू नवी करायची म्हटली की हल्ली सगळ्यांना आधी दगड आठवतो. तोही अखंड नव्हे. पातळ कापलेला, टाइलसारखा चिकटवायचा. आमचं रो हाऊस बर्लिनच्या दक्षिणेला ब्रिट्झमध्ये आहे, साठच्या दशकातलं. भिंत बघायला आलेल्या ठेकेदारानेही पहिल्याच भेटीत दाराशेजारी करड्या दगडाचा पट्टा सुचवला. मी नको म्हटलं. त्यात थोडा चिक्कूपणा आहे (नवरा म्हणेल, बराच आहे), पण मुख्य कारण आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर उभं आहे.

ते म्हणजे हुफआयझन वसाहत. ब्रूनो टाउट आणि मार्टिन वाग्नर या वास्तुकारांनी १९२५ पासून बांधत नेलेली, तळ्याभोवती घोड्याच्या नालेसारखी वळलेली. २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत हातात पैसा नव्हता आणि कामगारांना घरं हवी होती. टाउटचं म्हणणं असं, की कंगोरे, खांब, कोरीवकाम महाग पडतं. रंग स्वस्त आहे, तेव्हा सजावट रंगानेच करू. नालेची इमारत त्याने पांढरी ठेवली आणि तिच्या खोलगट सज्ज्यांना निळा दिला. फ्रिट्झ-रॉयटर रस्त्यावरची ओळ इतकी लाल केली की लोक तिला ‘लाल आघाडी’ म्हणू लागले. दगड चिकटवून श्रीमंती दाखवायची गरजच पडली नाही.

त्या वसाहतीत ६७९ रो हाऊस आहेत आणि त्यांतली बरीचशी आता खासगी मालकीची आहेत. पण वास्तू संरक्षित असल्यामुळे मालकाला दाराचा रंगसुद्धा मनाने बदलता येत नाही. ‘पैसे आमचे आणि रंग सरकारचा?’ असं आमच्या मराठी मित्रमंडळीत कुणीतरी म्हणतंच. मला ती सक्ती जाचक वाटत नाही. घराच्या आतली भिंत मी रोज बघते. बाहेरची समोरचे बघतात. ओळीतल्या एकाने मनाला येईल तो रंग फासला की अख्खी ओळ दात पडल्यासारखी दिसते.

आमच्या घराला असं संरक्षण नाही, म्हणून निवड अधिक अवघड. सध्या इकडे ज्याला त्याला कोळशासारखा गडद करडा हवा असतो. बाहेरून थर्मोकोलचे जाड थर लावून त्यावर पातळ प्लास्टर केलेल्या भिंतीला तो फार जपून द्यावा लागतो. उन्हात गडद रंग तापतो, मागचा थर्मोकोल उष्णता आत जाऊ देत नाही, आणि तापणं-निवणं सोसून प्लास्टरला तडे जातात. रंगाच्या उजळपणाला इथे आकडा असतो: काळा ०, पांढरा १००. अशा भिंतीवर २० च्या खाली जाऊ नये, हा जुना दंडक. शिवाय उत्तरेच्या भिंतीचा बाहेरचा थर रात्री इतका गार पडतो की त्यावर दव धरतं आणि हळूहळू शेवाळ चढतं. कॅटलॉगात शेवाळाचं पान नसतं.

आमच्या भिंतीवर थर्मोकोल नाही. जुनं चुन्या-सिमेंटचं प्लास्टर आहे. म्हणून मी सिलिकेट रंगाच्या बाजूची. आडोल्फ विल्हेल्म काइम याने त्याचं पेटंट १८७८ मध्ये घेतलं आणि टाउटच्या वसाहतींतही असे खनिज रंग वापरले गेले. हा रंग भिंतीवर पापुद्रा धरत नाही, प्लास्टरशी रासायनिक रीतीने जोडला जातो; त्यामुळे पोपडे निघत नाहीत आणि भिंतीतली वाफ बाहेर जाऊ शकते. जुन्या प्लास्टिक इमल्शनवर मात्र तो धरत नाही, आधी ते खरवडावं लागतं. मजुरी त्यात जाते.

आणि दगड? बर्लिन वाळूवर वसलंय. हिमयुगात बर्फाने स्कँडिनेव्हियातून ढकलत आणलेले गोटे, त्यातून उभी राहिलेली तेराव्या शतकातली खेड्यांची चर्चं, आणि पायासाठी रूडर्सडोर्फचा चुनखडक. एवढीच इथली दगडाची पुंजी. बाकी सगळं वीट आणि प्लास्टर. म्हणून मी दगड ठेवला तो जोत्याला, जिथे पावसाचं पाणी उडतं आणि सायकली टेकतात. पुण्याच्या वाड्यांचं गणितही हेच होतं: जोतं काळ्या दगडाचं, वर विटा आणि लाकूड.

हे कोथरूडच्या दादाला पटत नाही. त्याला बंगल्याचं ‘एलेव्हेशन’ बदलायचंय: खालपासून वरपर्यंत दगडी क्लॅडिंग, मध्ये काळी काच. वहिनीला साधा पिवळा हवा आहे. मी वहिनीच्या बाजूने आहे, आणि दोघांनाही एकच सांगते: निदान मीटरभर रुंदीचा नमुना भिंतीवरच रंगवून घ्या आणि तो सकाळी, भर दुपारी, दिवे लागल्यावर बघा. टाउटने बर्लिनच्याच ओंकल टॉम्स ह्यूट वसाहतीत पूर्वेच्या भिंती हिरवट आणि पश्चिमेच्या तांबूस केल्या, त्या उन्हाच्या हिशोबाने. दादाचा आर्किटेक्ट अजून थ्रीडी चित्रंच पाठवतोय. त्यातला बंगला पश्चिमेला तोंड करून उभा आहे, आणि मे महिन्यातले दुपारचे चार तिथे कधी वाजतच नाहीत.