तुरुंगाबाहेरचे आईबाप

परदेशात कुणा मराठी मुलाला अटक झाल्याचं कळलं, की मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पण त्याने केलं होतं का?" तो प्रश्न न्यायालयाचा आहे. त्याच्या उत्तरावर आपण आपली मदत टांगून ठेवतो, आणि तिकडे गावाकडचे आईबाप एकटे पडतात.

मुंबईच्या हमीद अन्सारीचं उदाहरण बोलकं आहे. २०१२ मध्ये घरी नोकरीचं निमित्त सांगून तो काबूलला गेला आणि तिथून चोरून सीमा ओलांडून कोहाटला पोचला. इंटरनेटवर ओळख झालेल्या एका मुलीसाठी हा सगळा उपद्व्याप. खिशात बनावट पाकिस्तानी ओळखपत्र होतं, म्हणजे चूक धडधडीत होती. तो कुठे आहे, जिवंत तरी आहे का, हे घरच्यांना कित्येक वर्षं कळेना. आईने पेशावर उच्च न्यायालयात वकिलामार्फत याचिका लावली. मुलगा लष्कराच्या ताब्यात असल्याचं अधिकृतपणे समजायला २०१६ चा जानेवारी उजाडला. त्याचा पाठपुरावा करणारी पाकिस्तानी पत्रकार झीनत शहजादी तर स्वतःच दोन वर्षं बेपत्ता झाली. शिक्षा भोगून हमीद १८ डिसेंबर २०१८ रोजी वाघा-अटारीमार्गे परतला.

मुलगा निष्पाप आहे असं शाबीत करायला त्या आईबापांनी उंबरे झिजवले नव्हते. तो चुकला असेल, पण हेर नाही आणि बेवारस तर मुळीच नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे अशा वेळी देव पाण्यात घालून बसतात. जरूर बसावं. पण श्रद्धेला वकीलपत्राची जोड लागते.

कतारमध्ये २०१९ साली मुंबईच्या एका तरुण जोडप्याच्या सामानात चरस सापडला. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची मुलगी तुरुंगातच जन्मली. ही सहल एका नातेवाईक बाईने घडवून आणली होती आणि पुडकंही तिनेच दिलं होतं. घरच्यांनी इथे तक्रार केली, अमली पदार्थ नियंत्रण विभागाने तपास केला, तो कतारपर्यंत पोचला आणि २०२१ मध्ये दोघं निर्दोष सुटून घरी आली. 'केलं असेल' म्हणून नातलग गप्प बसले असते, तर?

हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानने पकडलेल्या कुलभूषण जाधव यांचं प्रकरण याहून अवघड, आणि ते अजून संपलेलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. त्याच महिन्यात शिक्षेविरुद्ध आईच्या नावाचा अर्ज पाकिस्तानकडे सुपूर्द झाला. २५ डिसेंबरला इस्लामाबादला भेट झाली ती काचेपलीकडून. त्याआधी आई आणि पत्नी दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या उतरवून घेतल्या होत्या. आईला मराठीत बोलू दिलं नाही. तिचा मोकळा गळा पाहून मुलाने आधी बाबांची खुशाली विचारली, असं तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी संसदेत सांगितलं. पाकिस्तान या भेटीला माणुसकी म्हणत होता! १७ जुलै २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाचा भंग झाल्याचा निकाल दिला. सुटकेचा आदेश मात्र दिला नाही.

हे ३६ वं कलम मंडळांनी पाठ करावं असं आहे. वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क अटक झालेल्या परदेशी माणसाला विनाविलंब सांगितला गेला पाहिजे. पण वकिलातीला कळवायचं ते त्याने मागणी केली तर. लाजेपोटी तो गप्प राहिला, की कुणालाच पत्ता लागत नाही.

मंडळाने यात पडू नये, असं म्हणणारे सभासद आहेत. प्रायोजक नाराज होतील, बाकीच्यांच्या व्हिसावर बालंट येईल, ही त्यांची भीती अगदीच खोटी नाही. म्हणूनच मंडळाने आरोपीची बाजू घेऊन निवेदनं काढू नयेत. स्थानिक वकिलाचं नाव सुचवणं, आरोपपत्रातला मजकूर आईवडिलांना मराठीत समजावणं, भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळेल का याची वकिलातीत चौकशी करणं, एवढं केलं तरी गणेशोत्सवाच्या वर्गणीला धक्का लागणार नाही. कार्यकारिणीत यासाठी एक माणूस नेमावा आणि त्याचा फोन नंबर मंडळाच्या अंकाच्या दुसऱ्या पानावर, जाहिरातींच्या आधी छापावा.